विश्लेषण : मॉडेल विमान किती किलोपर्यंत ‘छंद’ आणि कुठून पुढे ‘विमान’?

बाल्सा लाकडाच्या फासळ्यांची चौकट, त्यावर ताणून बसवलेले कापड, नाकाशी पेट्रोलवर चालणारे छोटे इंजिन आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेतीन मीटर पंख. १९३० च्या दशकातील ‘पायपर कब’ या अमेरिकी विमानाची चौथाई आकाराची प्रतिकृती साधारण अशी असते. पंख सुटे केले तरच ती गाडीत मावते. वजन सात ते नऊ किलोच्या घरात. उडवणारा याला छंद म्हणतो. कायद्याच्या भाषेत मात्र ते ‘मानवरहित विमान’ आहे. लग्नाचे चित्रीकरण करणारा किंवा शेतात फवारणी करणारा ड्रोन ज्या नियमावलीत बसतो, त्याच नियमावलीत हेही बसते.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी ड्रोनविषयक नव्या विधेयकाचा मसुदा हरकती आणि सूचनांसाठी खुला केला, तेव्हा चर्चेचा भर ड्रोन उद्योगावर राहिला. मोठी मॉडेल विमाने बनवणारे हौशी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी यांच्यावरही त्याचा परिणाम होऊ शकतो. अशी विमाने उडवायला आज नेमकी कोणती परवानगी लागते, वजनाच्या रेषा कुठे आहेत आणि त्या तिथेच का आहेत?

मॉडेल विमान म्हणजे ड्रोनच का?

होय, नियमांच्या दृष्टीने. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ‘ड्रोन नियम, २०२१’मध्ये पायलट आत न बसता उडणारे प्रत्येक विमान येते. चार पंख्यांचा ड्रोन, हेलिकॉप्टर आणि स्थिर पंखांचे विमान हे त्यातले वेगवेगळे प्रकार. मात्र याच नियमांत ‘मॉडेल रिमोटली पायलटेड एअरक्राफ्ट सिस्टीम’ असा एक स्वतंत्र उपप्रकार आहे. एरोमॉडेलिंग करणाऱ्यांसाठी तोच महत्त्वाचा.

या उपप्रकारात बसण्यासाठी तीन अटी आहेत. एक, एकूण वजन २५ किलोपेक्षा जास्त नको. दोन, वापर फक्त शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा मनोरंजनासाठी हवा. तीन, विमान सतत उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात हवे. यातली एक अट मोडली की ते ‘मॉडेल’ राहत नाही. उदाहरणार्थ, पाच किलोच्या मॉडेल विमानाला कॅमेरा लावून पैसे घेऊन चित्रीकरण केले, तर वजन मर्यादेत असूनही सूट संपते.

येथे ‘एकूण वजन’ म्हणजे मोकळ्या सांगाड्याचे वजन नव्हे. इंधन, बॅटरी आणि विमानावर लादलेले सामान यांसह उड्डाणाच्या वेळी काट्यावर जे भरेल ते. २४ किलोचे विमान दीड किलो पेट्रोल भरल्यावर मर्यादेबाहेर जाते.

२५० ग्रॅम, २ किलो, २५ किलो : कुठे काय बदलते?

ड्रोन नियमांनी वजनाचे पाच वर्ग केले आहेत. २५० ग्रॅमपर्यंत ‘नॅनो’, त्यापुढे २ किलोपर्यंत ‘मायक्रो’, २५ किलोपर्यंत ‘स्मॉल’, १५० किलोपर्यंत ‘मीडियम’ आणि त्यावर ‘लार्ज’. नियमांची वरची हद्द ५०० किलो आहे.

हौशी उडवणाऱ्यासाठी पहिली मोठी रेषा २ किलोची. व्यावसायिक वापर नसेल तर २ किलोपर्यंतचे विमान उडवायला ‘रिमोट पायलट सर्टिफिकेट’ लागत नाही. त्यापुढे ते लागते, मग उडवणे निव्वळ हौसेसाठी का असेना. पूर्वी त्याला परवाना म्हणत. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने परवाना जाऊन प्रमाणपत्र आले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेत शिकून, चाचणी देऊन ते मिळते. वय १८ ते ६५ आणि किमान दहावी उत्तीर्ण या त्याच्या अटी. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते.

दुसरी मोठी रेषा २५ किलोची. तोवर मॉडेल विमानाला ‘टाइप सर्टिफिकेट’ लागत नाही. टाइप सर्टिफिकेट म्हणजे त्या रचनेची तांत्रिक तपासणी होऊन मिळालेली मान्यता. मोटारीचे नवे मॉडेल बाजारात येण्याआधी त्याची चाचणी होते, तसाच हा प्रकार. मात्र ही सूट फक्त टाइप सर्टिफिकेटपुरती आहे. ‘डिजिटल स्काय’ प्रणालीवर नोंदणी करून विमानाला ‘युनिक आयडेंटिफिकेशन नंबर’ घेण्याची माफी या तरतुदीत नाही. नोंदणीचे शुल्क १०० रुपये आहे. नॅनोव्यतिरिक्त इतरांसाठी त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमाही नियमांत आहे. त्यासाठी मोटार वाहन कायद्यातील थर्ड पार्टी विम्याच्या तरतुदींचाच आधार घेतला आहे.

थोडक्यात, चौथाई आकाराचे आठ किलोचे ‘कब’ घरी बनवायला परवानगी नको. ते उडवायला मात्र वयाची अठरा वर्षे, प्रमाणपत्र, नोंदणी आणि विमा हवा. सतरा वर्षांच्या मुलाने अडीच किलोचे विमान स्वतः बनवले तरी प्रमाणपत्रासाठी त्याला वर्षभर थांबावे लागेल.

वजनावरच एवढा भर का?

कारण विमान पडते तेव्हा होणारे नुकसान त्याच्या गतिज ऊर्जेवर ठरते. ही ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा निम्मा भाग गुणिले वेगाचा वर्ग. दोन किलोचे फोमचे विमान ताशी ५४ किलोमीटर वेगाने आदळले, तर ऊर्जा भरते २२५ ज्यूल. २५ किलोचे विमान ताशी १४४ किलोमीटरने आदळले, तर २० हजार ज्यूल. वजन साडेबारा पट, ऊर्जा मात्र जवळपास ९० पट.

हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर दोन तुलना पुरतात. ताशी १४४ किलोमीटर हा वेगवान गोलंदाजाच्या चेंडूचा वेग. त्या चेंडूत सुमारे १२८ ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे त्याच वेगाचे २५ किलोचे विमान एका वेळी दीडशेहून जास्त चेंडूंएवढा मार देते. दुसरी तुलना रस्त्यावरची. स्कूटर आणि चालक मिळून १७० किलो वजन ताशी ५५ किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याची ऊर्जाही जवळपास २० हजार ज्यूल असते. फरक एवढाच, की स्कूटरचा चालक ब्रेक दाबू शकतो. संपर्क तुटलेल्या विमानाला ब्रेक नसतो.

यात आणखी एक मेख आहे. मॉडेलचा आकार दुप्पट केला की वजन दुप्पट होत नाही. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दुप्पट झाल्याने ते ढोबळमानाने आठ पट होते. पंखांचे क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढते. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर दुप्पट भार येतो. तो पेलण्यासाठी विमानाला साधारण १.४ पट वेगाने उडावे आणि उतरावे लागते. वजन आठ पट आणि वेगाचा वर्ग दोन पट, म्हणजे ऊर्जा सोळा पट. चौथाई आकाराचे आठ किलोचे ‘कब’ त्याच पद्धतीने निम्म्या आकाराचे बनवले, तर वजन ६४ किलोच्या आसपास जाईल. अनुभवी कारागीर हलके साहित्य वापरून ते कमी करतो, पण गणिताचा कल बदलत नाही. ‘थोडे मोठे करू’ म्हणता म्हणता माणूस एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो, तो असा.

या हिशेबाने पाहिले तर २ ते २५ किलो हा एकच वर्ग फार रुंद आहे. अडीच किलोचे शिकाऊ विमान आणि २४ किलोचे जेट इंजिनवर चालणारे मॉडेल यांच्यात ऊर्जेचा फरक शेकडो पट असू शकतो. नियम दोघांनाही एकाच रकान्यात बसवतात. लहानाला ते जाचक ठरतात, मोठ्याला कदाचित अपुरे.

उडवायचे कुठे?

वजनाइतकाच महत्त्वाचा प्रश्न जागेचा. देशाचे आकाश ग्रीन, यलो आणि रेड अशा तीन झोनमध्ये विभागले आहे. त्याचा नकाशा ‘डिजिटल स्काय’वर पाहता येतो. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, पूर्वपरवानगी लागत नाही. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही उंची २०० फुटांवर येते. यलो झोनमध्ये हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही.

महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत खरी अडचण इथे येते. पुण्यात लोहगाव विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे आणि शिवाजीनगर, डेक्कनपर्यंतचा शहराचा मोठा भाग ढोबळमानाने १२ किलोमीटरच्या आत पडतो. मुंबईत सांताक्रूझचा विमानतळ आणि जुहूची धावपट्टी आहेच. त्यात ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. उलवे, पनवेल, खारघर हा भाग आता एका कार्यरत विमानतळाच्या शेजारी आहे. आधी तिथल्या मोकळ्या माळावर विमान उडवणाऱ्याने जुन्या सवयीवर विसंबणे धोक्याचे. नकाशा बदलतो आणि बदललेला नकाशा पाहण्याची जबाबदारी उडवणाऱ्याची असते.

याशिवाय स्थानिक आदेश असतात. मुंबई पोलीस वेळोवेळी काढत असलेल्या प्रतिबंधात्मक आदेशांत ड्रोन आणि पॅराग्लायडरबरोबर ‘रिमोट कंट्रोलवर चालणारी मायक्रोलाइट विमाने’ असाही उल्लेख असतो. असे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश लागू असताना ड्रोन नियमांचे सारे कागद बरोबर असले, तरी विमान उडवल्याबद्दल कारवाई होऊ शकते.

कॉलेजच्या संघांना सूट आहे का?

आहे आणि ती बरीच उदार आहे. केंद्र किंवा राज्य सरकारची मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्था संशोधन आणि विकासासाठी विमान उडवत असतील, तर टाइप सर्टिफिकेट, नोंदणी क्रमांक, पूर्वपरवानगी आणि पायलट प्रमाणपत्र या चारही गोष्टींतून त्यांना माफी मिळते. मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि जीएसटी क्रमांक असलेले ड्रोन उत्पादक यांनाही ती आहे. अट अशी, की उड्डाण ग्रीन झोनमध्ये आणि संस्थेच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातील मोकळ्या जागेतच व्हायला हवे.

अडचण या अटीतच आहे. ज्या महाविद्यालयाला गावाबाहेर दहा-वीस एकरांचे आवार आहे, त्याला ही सूट पुरेपूर वापरता येते. शहराच्या मध्यभागी, विमानतळाजवळच्या महाविद्यालयाला ती कागदावरच राहते. तिथले विद्यार्थी विमान घेऊन गावाकडच्या शेतात किंवा एखाद्या टेकडीवर जातात. तिथे जागा संस्थेच्या ताब्यात नसते, म्हणून सूट लागू होत नाही.

देशविदेशांतील एरो डिझाइन स्पर्धांसाठी जाणाऱ्या संघांना याची झळ बसते. अमेरिकेतील ‘एसएई’ संघटनेच्या एरो डिझाइन स्पर्धेत मोठ्या गटाच्या विमानाला वजनाची मर्यादा ५५ पौंड, म्हणजे जेमतेम २५ किलो. जास्तीत जास्त वजन उचलून दाखवणे हाच तिथला कस असतो. म्हणजे स्पर्धेची तयारी करायची तर विमान २ किलोच्या बरेच वर जाते. सराव कमी झाला की स्पर्धेच्या दिवशी पहिल्याच उड्डाणात वर्षभराचे काम मातीत जाते. त्याहून गंभीर बाब म्हणजे न तपासलेले जड विमान अनोळखी जागी पहिल्यांदा उडते.

२५ किलोच्या पुढे काय?

भारतात २५ किलो ओलांडले की मॉडेल हा उपप्रकारच संपतो. विमान ‘मीडियम’ वर्गात जाते. मग टाइप सर्टिफिकेट, नोंदणी, त्या वर्गाचे पायलट प्रमाणपत्र आणि विमा असे सगळे आले. शेतात फवारणी करणारा किंवा सामान वाहणारा ड्रोन बनवणाऱ्या कारखान्याला जी वाट, तीच घरच्या गॅरेजमध्ये दोन वर्षे खपून एक विमान बनवणाऱ्या हौशी माणसाला.

टाइप सर्टिफिकेटची व्यवस्था एकाच रचनेची अनेक विमाने बनवणाऱ्यांसाठी आहे. जानेवारी २०२२ मध्ये त्यासाठीची प्रमाणन योजना जाहीर झाली. त्यात रचनेची कागदपत्रे, निरनिराळ्या चाचण्या आणि त्यांचा खर्च असतो. एकसारखे शंभर ड्रोन विकणाऱ्या कंपनीला तो वाटून घेता येतो. एकुलत्या एका विमानाला तो परवडत नाही. त्यामुळे २५ किलोवरील हौशी विमानाला कायद्याने बंदी नाही, पण प्रत्यक्षात वाटही नाही.

आपली २५ किलोची रेषा जगावेगळी नाही. जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या (एफएआय) नियमांत मॉडेल विमानाची मर्यादा इंधनासह २५ किलो आहे. युरोपीय महासंघाच्या ‘ओपन’ गटाची मर्यादा तीच. अमेरिकेतील ५५ पौंड म्हणजेही जवळपास तेवढेच. रेषा सगळीकडे सारखी असली, तरी तिच्या पलीकडे काय ठेवले आहे यात फरक आहे.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये काय करतात?

अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने छंदासाठी उडवणाऱ्यांना वेगळी वाट दिली. ५५ पौंडांपर्यंत नोंदणी, एक सोपी ऑनलाइन सुरक्षा चाचणी आणि मान्यताप्राप्त संघटनेच्या सुरक्षा नियमांचे पालन पुरते. त्याहून जड विमानालाही मनाई नाही. मात्र त्याने संघटनेच्या मानकांत बसले पाहिजे, सरकारने त्या मानकांना मंजुरी दिलेली असली पाहिजे आणि उड्डाण ठरलेल्या मैदानावरूनच व्हायला हवे. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या ‘अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स’ची अशी योजना १२५ पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ५७ किलोपर्यंत जाते. संघटनेचा निरीक्षक विमान तपासतो, मग चाचणी उड्डाणे होतात आणि त्यानंतर परवाना मिळतो. सदस्यत्वाबरोबर २५ लाख डॉलरपर्यंतचे दायित्व विमा संरक्षणही येते.

ब्रिटनमध्ये २५ किलोपर्यंतची मॉडेल विमाने संघटनांना मिळालेल्या सरकारी अधिकृतीखाली उडतात. त्याहून जड विमानांसाठी ‘लार्ज मॉडेल असोसिएशन’मार्फत टप्प्याटप्प्याची पद्धत आहे. बनवायला सुरुवात करतानाच कळवायचे. निरीक्षक काम चालू असताना येऊन पाहतो, कारण पंखावर एकदा कापड चढले की आतला जोड दिसत नाही. बांधणी पूर्ण झाली की आधी चाचणी उड्डाणांपुरती परवानगी मिळते. ती नीट पार पडली, तरच पुढची. युरोपीय महासंघाच्या २०१९ च्या नियमावलीतही मॉडेल क्लबना अधिकृती देण्याचे स्वतंत्र कलम आहे.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. सरकार प्रत्येक हौशी विमान स्वतः तपासत नाही. ते काम जाणकार संघटनेकडे सोपवते आणि त्या संघटनेवर नजर ठेवते.

परवानगी कागदावर असली की भागते का?

नाही. ४ जुलै २०१९ रोजी इंग्लंडमधील गुडवुड येथे एका ऑस्ट्रेलियन कंपनीच्या उडत्या रेसिंग यंत्राचे प्रात्यक्षिक होते. वजन ९५ किलो, आत माणूस नाही. ते मॉडेल विमान नव्हते, तर भावी यंत्राचा लहान नमुना होता. पण धडा तोच. उड्डाणादरम्यान नियंत्रण सुटले. संपर्क तुटल्यावर वीज तोडणारी ‘किल स्विच’ची व्यवस्था चालली नाही. यंत्र वर जात जात सुमारे ८ हजार फुटांवर, गॅटविक विमानतळाजवळच्या नियंत्रित हवाई हद्दीत शिरले. बॅटरी संपल्यावर ते शेतात कोसळले. वस्ती असलेली घरे तिथून जेमतेम ४० मीटरवर होती. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही.

विशेष म्हणजे या उड्डाणाला ब्रिटनच्या नागरी हवाई प्राधिकरणाची परवानगी होती. हवाई अपघात तपास शाखेच्या अहवालाने यंत्राची रचना आणि बांधणी निकृष्ट ठरवली. कोणत्याही मान्य मानकाप्रमाणे ते बनवले नव्हते. प्राधिकरणाने सुरक्षेची कागदपत्रे तपासली होती, पण अपघातापूर्वी यंत्र प्रत्यक्ष पाहिले नव्हते, हेही अहवालात आले. त्याच देशात हौशी संघटनेचा निरीक्षक कापड चढवण्याआधी पंखाचा जोड पाहून जातो. शिक्का असूनही यंत्र कोणी पाहिले नाही, तर काय होऊ शकते ते गुडवुडला दिसले.

नव्या विधेयकाने काय बदलू शकते?

सध्याच्या नियमांखाली उल्लंघनाला जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड आहे. सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात नोंदणी, टाइप सर्टिफिकेट आणि विमा यांवर भर आहे. जप्तीचे अधिकार आणि काही उल्लंघनांसाठी कैदेचीही तरतूद आहे. ५०० किलोपर्यंतची मानवरहित विमाने त्याच्या कक्षेत येतात.

एरोमॉडेलिंग करणाऱ्यांसाठी यात दोन प्रश्न कळीचे. पहिला, २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानाला टाइप सर्टिफिकेटमधून आज नियमातच लिहून मिळालेली सूट पुढे तशीच राहते, की सरकारने वेळोवेळी अधिसूचना काढून ती द्यायची? सूट नियमात असणे आणि अधिसूचनेवर अवलंबून असणे यात, दोन वर्षांचे काम हाती घेणाऱ्या माणसासाठी, मोठा फरक आहे. दुसरा, नोंदणी नसलेले तीन किलोचे विमान उडवणारा विद्यार्थी आणि विमानतळाच्या धावपट्टीजवळ ड्रोन नेणारा माणूस यांना कायदा एकाच तराजूत तोलणार का?

कडक शिक्षेच्या बाजूचा युक्तिवादही हलका नाही. सीमेवर आणि संरक्षण तळांजवळ ड्रोनचा धोका खरा आहे. दहा-वीस किलो वजन उचलणारे विमान कोणाच्या हाती आहे, हे सरकारला माहीत असायला हवे. पण माहीत असण्यासाठी लोकांनी नोंदणीला पुढे यावे लागते. वाट बंद किंवा फार महाग असेल, तर विमाने बनायची थांबत नाहीत. ती नोंदणीशिवाय, विम्याशिवाय आणि कोणाच्या तपासणीशिवाय दूरच्या माळावर उडतात.

मधला मार्ग कोणता?

त्यासाठी नवे काही शोधण्याची गरज नाही. प्रशिक्षणाचे काम डीजीसीएने आधीच खासगी संस्थांकडे सोपवले आहे आणि टाइप सर्टिफिकेटसाठीची तपासणीही बाहेरच्या प्रमाणन संस्था करतात. त्याच धर्तीवर एरोमॉडेलिंग क्लब किंवा महाविद्यालयांच्या गटाला मान्यता देता येईल. नोंदणीकृत मैदान, निरीक्षकाची तपासणी आणि गटविमा या अटींवर २ किलोवरील विमानांचा सराव तिथे होऊ शकेल. अठरा वर्षांखालील मुलांना प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली उडवता येईल. २५ किलोवरील एकेका विमानाला टाइप सर्टिफिकेटऐवजी टप्प्याटप्प्याची तपासणी लावता येईल. सध्याच्या ड्रोन नियमांत क्लबला अशी जबाबदारी देणारी तरतूद नाही. नवा कायदा होत असताना ती घालण्याची संधी आहे.

एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग वर्षानुवर्षे शिकवले जाते. ड्रोननिर्मितीत देश पुढे न्यायचा, तर बाल्साच्या फासळ्या कापत वजनाचा तोल शिकलेली मुले लागतीलच. त्यांनी तो सराव कोणाच्या नजरेखाली करायचा, हे नियमांनी ठरवायला हवे.

उडवण्याआधी काय तपासावे?

वजन : इंधन, बॅटरी आणि सामानासह काट्यावर तोला. २ किलो आणि २५ किलो या दोन रेषा लक्षात ठेवा.

वापर : पैसे घेऊन काम करत असाल तर मॉडेल म्हणून मिळणारी सूट नाही.

कागद : २ किलोवर रिमोट पायलट सर्टिफिकेट. ते कोणत्या प्रकारच्या आणि वर्गाच्या विमानासाठी आहे, ते पाहा. नोंदणी क्रमांक आणि विमाही पाहा.

जागा : त्याच दिवशी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा उघडा. स्थानिक पोलिसांचा मनाई आदेश आहे का, ते विचारा. जमीन मालकाची संमती घ्या.

यंत्र : ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून फेलसेफ चालते का, ते जमिनीवरच पाहा. पंखांचे जोड, सर्व्होचे स्क्रू आणि बॅटरी दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या.

उड्डाण : विमान नजरेच्या टप्प्यात आणि माणसांपासून दूर ठेवा. माणूस असलेले विमान किंवा हेलिकॉप्टर दिसले, तर आधी वाट त्याची. अपघात झालाच, तर ४८ तासांत ‘डिजिटल स्काय’वर कळवणे नियमाने बंधनकारक आहे.